कॅमेरा सोडाल तिथे राहतो का?

दोन अंकांपूर्वी ड्रोनच्या पात्यांचा तोल कसा काढायचा ते या सदरात लिहिलं, आणि तेव्हापासून पत्रांचा नूरच पालटला. आधी निम्मी पत्रं चावीच्या घड्याळांची असायची. आता एकच धोशा : काका, ड्रोनखाली फिरणारा कॅमेरा घरी कसा बसवायचा? मी मूळचा घड्याळजी. मिरजेत ४१ वर्षं काउंटरमागे डोळ्याला भिंग लावून बसलो; ड्रोनचं खूळ पुतण्याने साठीनंतर डोक्यात घातलं. त्यामुळे उत्तरांत मधूनमधून घड्याळ डोकावणार, तेवढं चालवून घ्या. या वेळी सगळी पत्रं याच विषयाची घेतली आहेत.

प्रश्न : काका, नमस्कार. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ४५० मिमी फ्रेमचा ड्रोन मी स्वतः जोडला. त्याखाली एसजी९० जातीचे दोन सर्व्हो (सांगू त्या कोनावर थांबणाऱ्या, दात्यांच्या छोट्या मोटरी) लावून कॅमेरा डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरेल असा माउंट केला. टेबलावर एकदम झकास चालतो, पण हवेत चित्र सारखं थरथरतं आणि वळताना झटके खातं. मेटल गिअरचे मोठे सर्व्हो घेऊ का? आणि पुढे कॅमेरा पूर्ण ३६० अंश फिरवायचा आहे. (विटा)

उत्तर : मोठे सर्व्हो घेऊ नकोस. पैसे जातील, वजन वाढेल आणि झटके आहेत तिथेच राहतील.

आधी मला सांग, कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवायचाच कशाला? विमानासारखं पंखांचं मॉडेल असतं तर मी काही बोललो नसतो. त्याला हवेत उभं राहून मान वळवता येत नाही. तुझा चार पात्यांचा ड्रोन जागच्या जागी गिरकी घेतो. रिमोटची काठी जरा दाबली की अख्खा ड्रोन कॅमेऱ्यासकट वळतो, तेही तुझ्या सर्व्होपेक्षा अलगद. हा अक्ष तुला फुकट मिळालेला आहे. वेगळा लागतो तो उडवणारा एक आणि चित्रण करणारा दुसरा असेल तेव्हा. तेव्हाही कॅमेरा मागे वळला की ड्रोनचे पाय चित्रात येतात, मग पाय लांब करा नाहीतर वर उचलणारे करा, असं एकातून एक लफडं निघत जातं.

जो अक्ष खरा हवा तो मात्र तू लावलेलाच नाहीस. ड्रोन बाजूला सरकतो तेव्हा तो त्या बाजूला कलतो, आणि त्याबरोबर क्षितिजही कलतं. डोंगराची रेघ चित्रात तिरकी होते ती यामुळे. म्हणून पहिल्या माउंटला दोन अक्ष पुरे : वर-खाली मान हलवणारा आणि कल सावरणारा. इंग्रजी पुस्तकांत त्यांना पिच आणि रोल म्हणतात, दुकानातही तीच नावं चालतात.

आता झटक्यांचं. सर्व्होला दर सेकंदाला ५० वेळा हुकूम मिळतो. हुकूम म्हणजे १ ते २ मिलिसेकंद लांबीचा विजेचा ठोका. ठोक्याच्या लांबीवरून तो कुठे थांबायचं ते ठरवतो. ठोक्यात १० मायक्रोसेकंदांहून कमी फरक पडला तर एसजी९० जागचा हलतच नाही. हिशेब कर. १,००० मायक्रोसेकंदांत तो साधारण ९० अंश फिरतो, म्हणजे १० मायक्रोसेकंदांना जवळपास १ अंश. तुझा कॅमेरा ९० अंशांचं दृश्य १,९२० बिंदूंत मांडत असेल, तर १ अंश म्हणजे २१ बिंदू झाले. तुझं चित्र दर वेळी २१ बिंदूंची उडी मारतं. टेबलावर तू कॅमेऱ्याकडे बघत होतास, कॅमेऱ्यातून नव्हे, म्हणून झकास वाटलं. त्यात दात्यांतली ढिलाई मिळव. मेटल गिअर मोडत नाहीत हे खरं, पण दाते पितळेचे असोत की प्लॅस्टिकचे, दोन दात्यांत फट असतेच. घड्याळात ती फट मुद्दाम ठेवावी लागते, नाहीतर चक्र अडकतं. इथे तीच वैरी होते.

हे सर्व्हो फेकायचे नसतील तर एक जुनी युक्ती आहे : कॅमेऱ्याच्या पट्टीला एका बाजूने हलकी स्प्रिंग किंवा रबरबँड लाव, इतकी हलकी की सर्व्होला ओढ जाणवली पाहिजे पण दम लागता कामा नये. दाते कायम एकाच अंगाला टेकून राहतात आणि ढिलाईची खडखड थांबते. १ अंशाची उडी मात्र राहते.

खरा उपाय म्हणजे गिंबल मोटर. ड्रोन कलला तरी कॅमेरा आपोआप सरळ धरणारा माउंट म्हणजे गिंबल, आणि त्यात लावायची ती ही मोटर. ही ब्रशलेसच, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली, पात्यांना लावतो तिच्यासारखी दिसते, पण आत बारीक तारेचे पुष्कळ वेढे असतात. तिला दाते नाहीत, म्हणून फटही नाही. कंट्रोलर बोर्ड तिच्या तीन तारांत वीज अशी तोलून सोडतो की रोटर हव्या त्या कोनावर धरला जातो, आणि कोन पाव अंशाने बदलायचा तर तेवढाच बदलतो. पात्याची मोटर त्या जागी लावायला जाऊ नकोस. तिच्या वेढ्यांचा रोध इतका कमी असतो की एका जागी थांबवून धरली तर ती धूर काढते, किंवा बोर्ड काढतो.

मी पहिली मोटर विकत घेतली नव्हती. पुतण्याच्या पडलेल्या ड्रोनची २२०८ मापाची मोटर उघडली, आतली जाड तार काढली आणि इचलकरंजीच्या एका मोटर वाइंडिंगवाल्याकडून ३६ गेजची एनॅमल तार आणली. आतल्या गाभ्याला १२ दात (गिअरचे नव्हेत, तार गुंडाळायचे), प्रत्येकावर ८० वेढे. भिंग लावून तीन संध्याकाळी गेल्या. वेढे मोजताना घरात कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे चौथ्या दिवशी घरचे माझ्याशी बोलेनासे झाले. शेवटी दोन तारांत मल्टिमीटरने १० ओहमच्या आसपास रोध दाखवला. १२ व्होल्टवर म्हणजे सव्वा अँपिअरच्या आत काम. चालली. तू मात्र तयार वेढ्यांची मोटरच घे. तुझी परीक्षा जवळ आली असेल.

बोर्ड सिंपलबीजीसी किंवा स्टॉर्म३२ जातीचा घे. दोन्हींची माहिती भरपूर मिळते, आणि अडलास तर अडलेले आणखी शंभर जण सापडतात.

आता मुख्य. मोटर, बोर्ड, सॉफ्टवेअर या सगळ्यांच्या आधी तोल. बॅटरी काढून ठेव आणि माउंट हातात धर. कॅमेरा समोर बघणारा ठेव नि बोट काढ. नाक खाली गेलं तर कॅमेरा पट्टीवर मागे सरकव, नाक वर गेलं तर पुढे. तो राहिला की कॅमेरा जमिनीकडे वळव आणि पुन्हा बोट काढ. इथे बहुतेक जण फसतात. समोर बघताना स्थिर असलेला कॅमेरा खाली बघताना फिरून जातो. कारण त्याचं वजन अक्षाच्या वर किंवा खाली आहे, आणि सरळ स्थितीत ते लपून बसलं होतं. मग कॅमेऱ्याखाली पातळ पट्टी घाल किंवा काढ. दोन्ही स्थितींत राहिला की तिसरी मधली तिरपी बघ. हा अक्ष झाल्यावरच कल सावरणारा अक्ष घ्यायचा. आतून बाहेर, हाच क्रम. उलटं केलंस तर दोनदा करावं लागेल.

आम्ही घड्याळाचं बॅलन्स व्हील असंच बघतो. दोन गुळगुळीत धारांवर त्याचा दांडा आडवा टाकायचा, आणि चाक ज्या बाजूने खाली येऊन थांबेल ती बाजू जड. तिथून खरवडून कणभर धातू काढायचा. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच राहिलं म्हणजे झालं. तुझ्या कॅमेऱ्यालाही तेवढंच विचारायचं आहे.

एवढा आटापिटा कशाला, मोटर ओढेल की, असं म्हणशील. ७५ ग्रॅमचा कॅमेरा अक्षापासून ५ मिमी सरकलेला असेल तर ३७ ग्रॅम-सेंटिमीटरचा पीळ कायम मोटरच्या मानेवर. सर्व्होला तो किरकोळ आहे. गिंबल मोटर मात्र तो पेलण्यातच गरम होते, आणि वाऱ्याचा झोत आला की सावरायला तिच्यात जोर उरत नाही.

काही मुलं मुद्दाम खालची बाजू जड ठेवतात, कॅमेरा आपोआप सरळ लटकेल म्हणून. हे डोक्यात येणं साहजिक आहे. जुन्या जहाजांवरचं क्रोनोमीटर घड्याळ एकात एक अडकवलेल्या पितळी कड्यांत असंच लटकवलेलं असायचं, जहाज डोललं तरी घड्याळाची तबकडी आडवीच. पण जहाज संथ डोलतं. ड्रोन झटक्यात वेग घेतो नि झटक्यात थांबतो. एसटीच्या दांड्याला पिशवी लटकवून बघ, ड्रायव्हरने ब्रेक मारला की काय होतं ते. तुझा कॅमेरा ती पिशवी होईल.

शेवटी कंट्रोलरचं ट्यूनिंग, म्हणजे बोर्डाने चूक कशी सावरायची ते ठरवणारे पी, आय, डी हे तीन आकडे बसवणं, तेही पाती काढून. पाती लावून टेबलावर काम करणाऱ्याला मी उत्तरच देत नाही. पी चा आकडा हळूहळू वाढव. मोटरमध्ये बारीक गुणगुण सुरू झाली की थोडा मागे ये. मग डी, सगळ्यात शेवटी आय. कान आणि बोट, दोन्हींनी ऐक. बोटाला गुणगुण कानाच्या आधी कळते.

प्रश्न : मागील अंकात आपण 'गिंबलचा सेन्सर ड्रोनच्या फ्रेमवर घट्ट बसवावा' असे लिहिले आहे. मी ३० वर्षे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून काम केले. माझ्या मते हे चूक आहे. (अहिल्यानगर)

उत्तर : चूक आहे, साहेब, आणि माझीच आहे. दोन पद्धतींची मी खिचडी केली.

सर्व्होचा माउंट थेट फ्लाइट कंट्रोलरवरून, म्हणजे ड्रोनला उडतं ठेवणाऱ्या बोर्डावरून चालवतात, तेव्हा कल मोजणारा सेन्सर फ्रेमवरच असतो. ड्रोन ५ अंश कलला की सर्व्होला ५ अंश उलट जा म्हणून सांगायचं. सर्व्हो खरंच गेला का, हे कुणी बघत नाही. ब्रशलेस गिंबलमध्ये सेन्सर कॅमेऱ्याच्या पट्टीवरच हवा. बोर्ड कॅमेऱ्याचा कल बघतो, चूक दिसली की दुरुस्त करतो, पुन्हा बघतो. सेन्सर फ्रेमवर ठेवला तर बिचाऱ्याला आपण केलेली दुरुस्ती दिसणारच नाही आणि मोटर भलतीकडे पळेल. माझं वाचून दोघांच्या मोटरी गरगरल्या, तशी पत्रं आली आहेत. त्यांची माफी मागतो.

तुम्ही पत्रात सेन्सरच्या तारांबद्दल लिहिलंय तेही लाखमोलाचं. एमपीयू६०५० सारखा सेन्सर दोन बारीक तारांवरून बोर्डाशी बोलतो, आणि शेजारून मोटरच्या तारा गेल्या की त्या बोलण्यात खरखर घुसते. गिंबल मधेच आचके देत असेल तर ट्यूनिंगला हात लावण्याआधी या तारा वेगळ्या कराव्यात, मोटरच्या तिन्ही तारांना पीळ घालावा आणि त्यांवर फेराइटचं कडं चढवावं.

प्रश्न : माझा तीन अक्षांचा गिंबल आहे. कॅमेरा एकाच दिशेने दोन-तीन वेळा फिरला की वायरी गुंडाळल्या जातात. एक तुटलीसुद्धा. स्लिप रिंग बसवावी का? कुठची? (फोंडा, गोवा)

उत्तर : स्लिप रिंग म्हणजे फिरती जोडणी : आत कडी, त्यांवर टेकलेले ब्रश, कितीही फिरा, वीज चालू. छोट्या कामाला १२.५ मिमी व्यासाची, ६ किंवा १२ तारांची मिळते. दर तारेला २ अँपिअरपर्यंत चालते. तुमच्या गिंबलला ती पुरेल. फक्त बोर्ड फिरणाऱ्या बाजूला घ्या. मग तिच्यातून बॅटरीच्या दोन तारा, रिमोटचा हुकूम आणि चित्राची तार एवढंच जाईल. बोर्ड वर फ्रेमवर ठेवलात तर खालच्या दोन मोटरींच्या सहा तारा आणि सेन्सरच्या चार तिच्यातून न्याव्या लागतील, आणि सेन्सरचं बोलणं ब्रशच्या खरखरीत हरवेल.

पण तुम्ही लिहिलंय की कॅमेरा देवळाभोवती फेरी घालताना वापरता. त्या कामाला अमर्याद फिरण्याची गरजच नाही. बोर्डात डावीकडे १७० नि उजवीकडे १७० अंशांची मर्यादा घाला आणि तारा हेअरस्प्रिंगसारख्या गुंडाळा. घड्याळाच्या बॅलन्सवर ती केसाएवढी चपटी गुंडाळी असते ना, तशी. पातळ सिलिकॉनच्या आवरणाच्या तारा घ्यायच्या, अक्षाभोवती चार-पाच सैल वेढे एकाच पातळीत, एक टोक फ्रेमला, एक कॅमेऱ्याच्या बाजूला. फिरताना वेढे उघडतात-मिटतात आणि एकही तार एका जागी मोडत नाही. स्लिप रिंगचे ब्रश झिजतात, ही गुंडाळी झिजत नाही.

आणि ती तुटलेली तार जाड पीव्हीसीची असणार. तसली ताठ तार तोल काढलेल्या कॅमेऱ्याला पण ओढून धरते. मऊ तार लावून तोल पुन्हा बघा, फरक पडलेला दिसेल.

प्रश्न : द्राक्षबाग आहे, चार एकर. मांडवावरून ड्रोन नेताना कॅमेरा कधी समोर, कधी सरळ खाली असा करायचा आहे. गिंबल-बिंबल नको. स्वस्तात होईल का? (तासगाव)

उत्तर : होईल. तुम्हाला सिनेमा काढायचा नाही, पानं बघायची आहेत. एकच सर्व्हो, एकच अक्ष. १.५ मिमीच्या ॲल्युमिनियम पट्टीचा इंग्रजी यू वाकवा, एका कानाला सर्व्हो, दुसऱ्या कानात ६२३ नंबरचं बेअरिंग आणि ३ मिमीचा बोल्ट. बेअरिंगचा आळस करू नका. एकाच बाजूने धरलेला कॅमेरा मान मोडलेल्या कोंबडीसारखा हलतो. सर्व्होची तार रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला लावा आणि तो चॅनेल रिमोटच्या गोल बटणाला जोडा. ५ व्होल्ट मात्र वेगळ्या बीईसी मधून (बॅटरीचे व्होल्ट उतरवून देणाऱ्या छोट्या बोर्डातून) द्या. सर्व्हो अडकला की ओढतो जास्त, आणि त्याच विजेवर रिसीव्हर असेल तर तो हवेतच डोळे मिटेल.

कॅमेरा खाली करायचा तो ड्रोन थांबवून. उडत उडत नको.

प्रश्न : दोन अक्षांचा ब्रशलेस गिंबल बसवला, तोलही तुम्ही सांगता तसा काढला. क्षितिज आता हलत नाही. पण सगळं चित्र जेलीसारखं लुबलुबतं. विजेचे खांब सापासारखे दिसतात. गिंबल खराब आहे का? (नाशिक)

उत्तर : गिंबल ठीक आहे. गिंबल संथ हालचाल सावरतो, थरथर सावरणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

कॅमेरा एक चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. तो वाचत असताना कॅमेरा थरथरला की वरची ओळ एकीकडे, खालची दुसरीकडे, आणि खांबाचा साप होतो. तुमची पाती मिनिटाला ५,००० च्या आसपास फिरत असतील, म्हणजे सेकंदाला ८३ हेलकावे.

पहिलं काम पात्यांचं. पातं तोलात नसेल तर पुढचं सगळं मलमपट्टी. ते दोन अंकांपूर्वी लिहिलंय, पुन्हा लिहीत नाही. जड बाजूला घासण्यापेक्षा हलक्या बाजूला सेलोटेपचा तुकडा लावणं सोपं, एवढंच सांगतो.

दुसरं, माउंट आणि फ्रेम यांच्यामधल्या रबरी गोळ्या. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात त्या चांगल्या टणक दिसतात. इथेच घोटाळा आहे. आमच्या मिरजेत सतारी बनवतात. सतारीला मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात, त्यांना कुणी छेडत नाही, पण वर त्यांचा स्वर लागला की त्या आपणहून बोलतात. प्रत्येक लवचीक वस्तूला असा आपला स्वर असतो, गोळ्यांवर टांगलेल्या कॅमेऱ्यालाही. तो स्वर पात्यांच्या ८३ च्या जवळ असेल तर गोळ्या थरथर अडवायच्या सोडून तीत सूर मिसळतात. तो पुष्कळ खाली हवा, ८३ च्या तिसऱ्या हिश्श्याइतका किंवा त्याहून खाली. खाली आणायचे मार्ग दोनच : गोळ्या मऊ करा किंवा टांगलेलं वजन वाढवा. वजन वाढवायला शिसं नको, बॅटरीच त्या मऊ बाजूच्या पट्टीवर आणा. ड्रोनचं एकूण वजन तेवढंच, कॅमेऱ्याच्या बाजूला मात्र चांगला ठोस भार.

गोळ्या मऊ केल्यात की त्या निसटण्याची भीती वाढते. वरच्या-खालच्या पट्ट्यांमध्ये नायलॉनच्या दोऱ्याचे दोन सैल फासे हवेतच. हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझा पहिला माउंट असाच उतरला. गोळ्या शाबूत होत्या, पण मोटरच्या दांड्याचा बारीक स्क्रू थरथरीने सैल झाला आणि कॅमेरा पट्टीसकट उसात गेला. बारा फुटांचा ऊस, पुतण्या आणि मी दोन दिवस पाती बाजूला सारत फिरलो, हातांवर ओरखडेच ओरखडे. तीन महिन्यांनी ऊसतोडीवाल्या बाईंनी बांधावर आणून दिला. कॅमेरा संपला होता, कार्ड चाललं. शेवटचं दृश्य उसाचे तुरे जवळ जवळ येण्याचं आहे, आणि एकदम स्थिर आहे. त्यानंतर प्रत्येक स्क्रूवर सुनेच्या नेलपॉलिशचा एक थेंब. उघडायचा झाला तर स्क्रूड्रायव्हरला निघतो, थरथरीला नाही.

प्रश्न : थ्रीडी प्रिंटरवर सगळे भाग पीएलए प्लॅस्टिकमध्ये छापले. मार्चपर्यंत उत्तम. आता कॅमेऱ्याची पट्टी वाकडी झाली आहे. (चंद्रपूर)

उत्तर : चंद्रपुरात राहून पीएलए? ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या बंद गाडीत तुमच्याकडे तेवढं सहज होतं. पट्टी वाकली नाही, बसली. पीईटीजी मध्ये छापा, ते ८० च्या आसपासपर्यंत टिकतं. मोटर ज्यावर बसते तो भाग तर ॲल्युमिनियमचाच करा, मोटरची उष्णताही तो ओढून घेतो. कार्बन फायबरच्या पट्ट्या कापणार असाल तर ओल्या करून, मास्क लावून कापा. ती भुकटी घरात उडवू नका.

प्रश्न : माझा छोटा ड्रोन २३८ ग्रॅमचा आहे. त्याला घरी केलेला एक अक्षाचा माउंट लावला तर चालेल ना? (ठाणे)

उत्तर : उडायला चालेल. पण वजन करा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, आणि त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. वजन धरतात ते लादलेल्या सामानासकट. एसजी९० च ९ ग्रॅमचा, त्यात पट्टी, बेअरिंग, बोल्ट, तार. तुमच्याकडे १२ ग्रॅम शिल्लक आहेत. म्हणजे माउंट लावलात की वर्गच बदलतो, आणि वर्ग बदलला की नियमही. स्वयंपाकघरातला १ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. आमच्याकडे त्यावरून वाद झाला आणि शेवटी दुसरा काटा आणावा लागला. एसजी९० ऐवजी ४-५ ग्रॅमचा सर्व्हो आणि ॲल्युमिनियमऐवजी पातळ फायबरग्लास पट्टी घेतलीत तर कदाचित बसेल. कुठे उडवता येतं त्याचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा मात्र नॅनोलाही बघावा लागतो, आणि ठाण्यात तो बघूनच घराबाहेर पडा.

ताजा कलम : गेल्या आठवड्यात मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक पार्सल आलं. आत बुटाच्या खोक्यात, कापसात गुंडाळलेला दोन अक्षांचा माउंट, सायकलच्या स्पोकचे तुकडे वापरून केलेला, आणि एक चिठ्ठी : 'तोल निघत नाही.' नाव नाही, पत्ता नाही. काम मात्र फार देखणं आहे, स्पोकची टोकं घासून अशी गोल केली आहेत की मला माझा पहिला उस्ताद आठवला. कॅमेरा ४ मिमी मागे आणि खाली एक पोस्टकार्डाची पट्टी, एवढंच करावं लागलं. आता तिन्ही स्थितींत राहतो. ज्याचा असेल त्याने कळवावं. तोवर तो माझ्या काउंटरवर, चावी दिलेल्या घड्याळांच्या ओळीत आहे.